फेस बसेपर्यंत

शिवकन्याबाईंचं पत्र मला गणपतीच्या दिवसांत आलं आणि मी त्याला उत्तर दिलं नाही. असं एका वाक्यात लिहिलं की मी फार निगरगट्ट माणूस वाटतो. खरं तर उत्तरं मी नऊ लिहिली. एक फार लांब झालं, एक फार कोरडं, एकात मी माझ्या गुडघेदुखीबद्दलच दोन पानं लिहून बसलो. पोस्टात एकही पडलं नाही.

पत्र दीड पानाचं होतं. 'किशनराव, मी एकसष्ट वर्षांची आहे, तुम्ही सदुसष्टचे. पुतण्या मला पुण्याला कायमचं घेऊन जायचं म्हणतो, संक्रांतीला न्यायला येणार आहे. त्याआधी एकच विचारते. उरलेले दिवस आपण एकत्र काढायचे का? हो म्हणा, नाही म्हणा, पण कळवा.'

शिवकन्याबाई ताडकळसला सरकारी दवाखान्यात सिस्टर होत्या. मी परभणीच्या एका वाचनालयात ग्रंथपाल. दर शनिवारी बसने त्या पुस्तकं बदलायला यायच्या आणि आम्ही पुस्तकांबद्दल बोलायचो… म्हणजे त्या बोलायच्या. मी लग्न केलेलं नाही. राहून गेलं, एवढंच. त्या तरुणपणीच विधवा झालेल्या. निवृत्तीनंतर मी झरीला घरी आलो आणि शनिवार संपले.

चार महिने गेले. संक्रांतीला बारा दिवस उरले होते, तेव्हा मी दोन खोकी पुस्तकं घेऊन सेलूच्या एका शाळेत निघालो होतो. देवगाव फाट्याच्या अलीकडे गाडीचं स्टेअरिंग एकदम दगडासारखं जड झालं. मागे पाहिलं तर डांबरावर तेलाची लाल रेघ.

फाट्यावर लिंबाखाली धम्मानंदचं गॅरेज आहे. पोरगा तिशीचा, हात चलाख.

"पाइप फुटलाय, सर. पॉवर स्टेअरिंगचा. समदं तेल रस्त्यानं सांडत आलाव तुमी."

त्याने नवा पाइप बसवला, पुढची दोन्ही चाकं जॅकवर अधर उचलली आणि बॉनेट उघडं ठेवून म्हणाला, "आता तेल भरायचं अन् आतली हवा काढायची. एकानं स्टेअरिंग फिरवायचं, एकानं डबीत तेल बघायचं. दोन माणसं लागतेत."

तेवढ्यात त्याला फोन आला. उसाचा ट्रॅक्टर पुढच्या वळणावर बंद पडला होता.

"तुम्ही जा," मी म्हणालो. "गाडीसोबतचं पुस्तक आहे माझ्याकडे. मी पाहून घेतो."

पुस्तक आहे म्हटलं की मला उगाच धीर येतो. तो गेला. मी पुस्तक काढून पानं चाळू लागलो, आणि मागून आवाज आला.

"सर… तुमीच का?"

समोरच्या हॉटेलाच्या बाकावरून उठून त्या आल्या होत्या. करड्या रंगाची साडी, खांद्याला पिशवी, केस आधीपेक्षा पांढरे. मंठ्याला भाचीकडे गेल्या होत्या, परभणीच्या बसची वाट बघत होत्या.

"सिस्टर," मी म्हणालो.

"मला वाटलं तुमी गेलात."

"कुठे?"

"वर. जिता माणूस दोन ओळी तरी लिहितोच की."

मी पुस्तकात तोंड खुपसलं. त्यांनी वाकून त्यात पाहिलं.

"काय वाचायलात?"

"गाडीचं… म्हणजे स्टेअरिंगमधली हवा काढायची आहे. दोन माणसं लागतात."

"मग एक मी हाय की."

नको म्हणायच्या आत त्या चालकाच्या जागेवर जाऊन बसल्या. पदर खोचला, दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवले आणि काचेतून माझ्याकडे पाहत राहिल्या. दवाखान्यात डॉक्टरांच्या सूचनेची वाट बघत असाव्यात, तशाच शांत. मला घाम फुटला, पौषातल्या उन्हात.

मी डबीत तेल भरलं आणि घाईघाईने पान उलटून मोठ्याने वाचलं, "इंजिन सुरू करून स्टेअरिंग दोन्ही बाजूंना फिरवावे…"

त्यांनी किल्ली फिरवली. गाडी घुमली, स्टेअरिंग डावीकडे गेलं, उजवीकडे गेलं, आतून कण्हल्यासारखा आवाज आला. आणि डबीतलं तेल लाल राहिलंच नाही. पांढरट गुलाबी फेस नुसता वर येत होता.

"बंद करा, बंद करा!"

धम्मानंद परत आला तेव्हा आम्ही दोघं त्या डबीकडे अपराध्यासारखे बघत उभे होतो.

"इंजन कुणी चालू केलं, सर?"

"पुस्तकात तसं…"

त्याने पुस्तक घेतलं. दोन पानं जुन्या तेलाने चिकटली होती, ती नखाने सोडवली आणि मधलं पान माझ्यापुढे धरलं. "हे वाचलंच न्हाई तुमी. आधी इंजन बंद ठिवून फिरवायचं, मंग चालू. हवा समदी तेलात घोटली आता. अर्धा घंटा हात लावू नका. फेस बसू द्या."

"एवढे शिकलेले तुमी," शिवकन्याबाई म्हणाल्या, "अन् मधलं पान गाळलं."

"तुम्ही समोर बसला होतात," मी म्हणालो आणि माझं मलाच आश्चर्य वाटलं.

त्या पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळत राहिल्या.

अर्धा तास आम्ही बाकावर बसलो. चहा आला. समोरून उसाच्या गाड्या जात होत्या, पलीकडच्या रानात तूर वाळत होती. आम्ही हवेबद्दल बोललो, भाचीच्या बाळाबद्दल बोललो. मग परभणीची बस आली. कंडक्टरने दोनदा हाक दिली. शिवकन्याबाईंनी बसकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि चहाचा एक घोट घेतला. बस निघून गेली.

"बस गेली," मी म्हणालो.

"मला दिसलं, सर."

फेस बसला. तेल पुन्हा स्वच्छ लाल दिसू लागलं. या वेळी इंजिन बंद. त्या आत बसल्या आणि मी बॉनेटमागे डबीवर वाकलो. धम्मानंद पलीकडे ट्रॅक्टरचं चाक खोलत होता.

उघडं बॉनेट आमच्या दोघांच्या मध्ये पडद्यासारखं उभं होतं. मला त्या दिसत नव्हत्या, त्यांना मी दिसत नव्हतो. आयुष्यात पहिल्यांदा मला बोलायला योग्य जागा मिळाली असं वाटलं.

"डावीकडे… हळू. शेवटपर्यंत. आता उजवीकडे."

चाक वळलं. डबीत चारपाच बुडबुडे वर आले आणि फुटले. तेल खाली गेलं. मी थोडं ओतलं.

"सिस्टर."

"हं."

"मी उत्तरं लिहिली होती."

"किती?"

"नऊ."

"अन् धाडली का न्हाईत?"

"डावीकडे… हं, परत." बुडबुडे कमी होत होते. "प्रत्येक पत्रात मी बरा माणूस दिसत होतो. तसा मी नाही. पुस्तकं काढून घेतली तर माझ्यात काही उरत नाही. तुम्हाला ते महिनाभरात कळेल, आणि मग तुम्ही… नाइलाजाने राहाल. त्याची भीती वाटली. अजून वाटते."

चाक थांबलं. मीही वाकलेलाच राहिलो.

"सर, तुमाला आठवतं का? शेवट रडवणारा असला की पुस्तक देताना तुमी सांगायचात. हे रविवारी सकाळी वाचा, सिस्टर, सोमवारी ड्यूटी असते तुमची, रात्री नका वाचू. माझे मालक गेल्यापासून एवढं जपून कुणी बोललं न्हाई माझ्याशी. ताडकळसहून बस धरून मी काय नुसती पुस्तकं आणायला यायची का?"

मला काही दिसेना. चष्मा काढून पुसला, तेलाचा हात लागून तो आणखीच खराब झाला.

"आणि कळायचं म्हणाल तर," त्या आतून म्हणाल्या, "वीस वर्षं बघायले मी तुमाला. महिनाभरात नवीन काय निघणार हाय? फिरवू का थांबू?"

"फिरवा."

त्यांनी फिरवलं. डावीकडे, उजवीकडे, एका लयीत. तेल स्थिर होतं. एकही बुडबुडा नाही.

"हो," मी म्हणालो.

"काय हो? डावीकडं का उजवीकडं?"

"पत्राचं… हो."

गाडीचं दार उघडलं. त्या बॉनेटला वळसा घालून आल्या आणि माझ्या हातातला चष्मा घेऊन पदराने पुसू लागल्या.

"तोंडी चालणार न्हाई, सर. मी लिहून विचारलंय. आज बोललेलं उद्या सकाळी तुमाला स्वतःलाच खरं वाटणार न्हाई, मला ठाऊक हाय. लिहा. अन् धाडा."

धम्मानंदने येऊन इंजिन सुरू केलं, एका बोटाने स्टेअरिंग फिरवून पाहिलं. आवाज नाही, कण्हणं नाही. "लोण्यावानी झालंय," तो म्हणाला. "मावशीचा हात चांगला हाय."

मी त्यांना परभणीला सोडतो म्हणालो. त्या हसल्या.

"आज गाडीत बसले तर पत्र कवाच यायचं न्हाई."

पुढची बस आली. खिडकीतून त्यांनी हात हलवला नाही, पण बस वळेपर्यंत मान मागे वळवून बघत राहिल्या.

सेलूत पुस्तकं उतरवली आणि पोस्टाच्या पायरीवरच बसून लिहिलं. कच्चा खर्डा न करता. 'शिवकन्या, हो. पुतण्या येण्याआधी मी ताडकळसला येतो. त्याच्याशी मीच बोलेन. बोलताना अडखळेन, तेवढं सांभाळून घ्या. तुमचा, किशन.' परत वाचलं असतं तर दहावंही फाडलं असतं, म्हणून वाचलं नाही.

पेटीत टाकलं नाही, पेटीपाशी मी संध्याकाळपर्यंत उभा राहिलो असतो. सरळ खिडकीवर दिलं. स्पीड पोस्ट.

"घेणाऱ्याचा मोबाइल नंबर?" आतल्या मुलीने विचारलं.

पाकिटावर मी तो लिहिला नव्हता. डायरी गाडीत होती. पण दहाच्या दहा आकडे मी एका दमात सांगितले. हा नंबर मी आजवर एकदाही लावलेला नव्हता.