आठ-चाळीसची नोंद

अमरावतीच्या राजापेठेतल्या आमच्या कार्यालयात अकरा पाऊस-केंद्रांच्या नोंदी येतात, आणि अकरा जणांचा पासवर्ड एकच होता. तोही भिंतीवरच्या कॅलेंडरवर, आमचे प्रमुख महादेवराव यांच्या वळणदार अक्षरात. सगळ्यांचा पासवर्ड एक म्हणजे चूक कोणाचीच नाही. त्यामुळे कोणाची तक्रारही नव्हती.

गेल्या ऑगस्टमध्ये प्रत्येकाचं वेगळं खातं उघडायचं काम माझ्याकडे आलं. कोणाला काय दिसेल, कोण काय बदलू शकेल, ते नावासमोर खुणा करून ठरवायचं. मूर्तिजापूरजवळच्या केंद्रावर पंचफुलाबाई नव्या होत्या. नमुना समोर असावा म्हणून मी त्यांचं केंद्र चिखलदऱ्याकडच्या सुगतच्या केंद्राशी सामाईक केलं. एकाची नोंद दुसऱ्याला दिसेल, एवढंच. एक खूण.

दुसऱ्या दिवशी दोन्हीकडे ४१.६ मिलिमीटर पाऊस. मेळघाटात झड लागली होती, तेव्हा सुगतचं ठीक. मूर्तिजापूरकडे मात्र पंधरा दिवसांचा खंड होता. कपाशी दुपारी मान टाकत होती.

"पाहून उतरवलं बाईनं," महादेवराव म्हणाले. "इतके दिवस सारे लबाड एका पासवर्डात झाकले होते. पहिली सापडली. काढा तिले."

मी पंचफुलाबाईंना फोन लावला.

"भांड्यात होतं तेच लिवलं, सर."

"पण पाऊस कुठे होता?"

"पाऊस नोता. पाणी होतं." आणि लगेच, "कामावरून काढान काय मले? पोरगी अमरावतीले क्लासले हाये. याच्यावरच चालते तिचं."

मी नोंदींच्या वेळा पाहिल्या. हा माझा जुना रोग. पंचफुलाबाईंची आठ-एकतीस. सुगतची आठ-चाळीस. नक्कल अस्सलच्या नऊ मिनिटं आधी झाली होती.

पुढचे दोन दिवस तेच. २८.२. मग ६३. बाईंनी फोटो पाठवला. मोजपात्र काठोकाठ, आणि खाली भेगाळलेल्या जमिनीवरच्या धुळीत कोंबडीच्या पायांचे ठसे.

"लोटा ओतते," महादेवराव म्हणाले.

"किती ओतायचं ते तिला सुगतच्या आधी कसं कळतं?"

ते कॅलेंडरकडे पाहत बसले. मी नोंदींची यादी उगाच उघडत-मिटत राहिलो.

संध्याकाळी सुगतचा फोन. "सर, आमच्या इकडे तांबडी माती. आज भांडं साफ कराले हात घातला, त मनगटापर्यंत काळी लागली. कपाशीच्या वावरातली असते तशी."

"मग?"

"तळ नाई लागला." तो हसला. मीही हसलो, जरा उशिरानं. "उद्या मोजून झालं की खांद्यापर्यंत घालून पायतो."

"नको."

"काहून?"

"उद्या बोलू," म्हणून मी फोन ठेवला.

महादेवरावांनी त्याच संध्याकाळी बाईंच्या गावी जाऊन भांडं रिकामं केलं, पुसलं, स्वतःचं कुलूप लावलं. सकाळी आम्ही दोघं पुन्हा निघालो. किल्ली त्यांच्या खिशात.

"कोरडं निघालं त आजच घरी बसवतो तिले," गाडीत ते म्हणाले.

पंचफुलाबाई कुंपणाशी उभ्या होत्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत. आभाळ पांढरं, स्वच्छ. साडेआठला कुलूप उघडलं.

आत पाणी होतं. गार. त्याला सागाच्या ओल्या पानांचा वास होता.

आम्ही पाहत होतो आणि ते चढत होतं. वरून थेंब पडत नव्हता.

महादेवरावांनी बोट बुडवलं, हुंगलं, पँटला पुसलं. मग बाईंच्या वहीत 'नोंद खरी' असं लिहून सही केली. अक्षर वळणदार नव्हतं.

"मंग राहू ना मी कामावर?"

"राहा," ते म्हणाले. "जे असन ते लिवत जा."

पाणी चढतच होतं. काठाला दोन बोटं उरली. मला राहवेना. तिथंच मोबाइल उघडून मी दोन्ही केंद्रांमधली खूण काढली.

पाणी थांबलं. आठ-अडतीस झाले होते.

सुगतची आठ-चाळीसची नोंद आली नाही.

"नेटवर्क नसन," महादेवराव म्हणाले. दिवसभर त्याचा फोन वाजत राहिला. कोणी उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यालयातल्या फोनवरून मी पुन्हा त्याचाच नंबर लावला होता. रिंग जात होती. तेवढ्यात मोबाइलवर पंचफुलाबाई.

"सर, भांडं कोरडं हाये."

"मग शून्य भरा."

"पाणी शून्यच भरतो. पण..."

त्यांनी मोबाइल भांड्याजवळ धरला. त्यांच्या बाजूनं कसला तरी फोन वाजत होता. पत्र्याच्या आतून यावा तसा. खोलवरून.

मी कार्यालयातला फोन खाली ठेवला. तिकडचं वाजणं थांबलं.

"खोटं लिवाचं नाई म्हणून इचारतो, सर," पंचफुलाबाई अगदी हळू म्हणाल्या. "भांडं रिकामं लिवू काय?"