कोरा तळहात

पहिल्यांदा दिसला तेव्हा तो छत्रीशी भांडत होता.

वारा असा सुटला होता की इमारतीच्या पायऱ्यांवर केस, कागद, अब्रू – कुणाचं काहीच जागेवर राहत नव्हतं. त्याची छत्री उलटी होऊन तिचं कमळ झालं होतं आणि ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटत तो तिला सुलटी करू पाहत होता. मी बाजूने निघाले, तर कमळाची एक काडी थेट माझ्या केसांत!

“हलू नका,” तो म्हणाला.

“मी कुठे हलतेय? तुमची छत्री हलतेय.”

“सकाळपासून ऐकत नाहीये माझं.”

“शिव्या दिल्यावर कोण ऐकेल? प्रेमाने सांगा जरा.”

“शिव्या नव्हत्या हो...” काडी सोडवताना त्याची गार बोटं माझ्या कानाला लागली. “पाठांतर होतं.”

काडी सुटली. केस सुटले. तो मात्र तिथेच उभा. “एक विचारू? इथे वाचनाची खोली कुठे आहे?”

“कुठली?”

“जी आहे असं कोणीच सांगत नाही ती.”

मला हसू आलं. “चला. मी तिथेच बसते.”

खोली तळमजल्याच्या टोकाला होती. खिडकीच्या काचांना पांढरा रंग फासलेला, मधे लांब टेबल, एका बाजूला लोखंडी कपाट आणि कपाटाशेजारी माझी खुर्ची. कपाटात कराराचा मसुदा. आमच्यासह बरेच देश मिळून एक मोठा व्यापार करार करत होते – कुणाचा कुठला माल जकातीशिवाय कुणाच्या दारात उतरवायचा, त्याचा. सही होईपर्यंत सगळं गुपित. लोकांनी निवडून दिलेल्या सदस्यांना तो वाचता येई, पण फक्त या खोलीत, माझ्या डोळ्यांसमोर. फोन बाहेर, पेन बाहेर, कागदाचा चिटोराही बाहेर. पुढे सभागृहात मतदान व्हायचं ते अख्ख्या करारावर. हो म्हणा नाहीतर नाही म्हणा, स्वल्पविराम हलवायचा नाही.

तो एका म्हाताऱ्या सदस्याबाईंचा मदतनीस होता. बाईंची नजर अधू, म्हणून त्यांच्या जागी वाचायला याला परवानगी मिळाली होती.

जाताना मी नियमाप्रमाणे म्हटलं, “हात दाखवा.”

“अं?”

“तळहात. पूर्वी कुणीतरी हातावर लिहून नेलं होतं. तेव्हापासून तपासावे लागतात.”

त्याने दोन्ही हात पुढे केले. मी ते उलटसुलट करून पाहिले. कोरे. रेषाच रेषा.

“काय दिसतंय? लग्नाचा योग?”

“शाई दिसत नाही, एवढंच माझ्या खात्यात येतं.”

“नीट बघा हो. आई म्हणते, हात दाखवून अवलक्षण करून घेऊ नये.”

“मग उद्या येऊ नका.”

तो दुसऱ्या दिवशी आला. तिसऱ्याही.

दाराशी लोकांचे फोन सांभाळायला मावशी बसायच्या. त्यांनी त्याचं नाव ठेवलं पुटपुट्या. “बघ गं, वाचताना ओठ कसे हलतात त्याचे! तुझ्या नावाचा जप करतोय की काय?”

मला माहीत होतं तो कसला जप करतोय. एक परिच्छेद वाचायचा, डोळे मिटायचे, ओठ हलवायचे, मग पुढचा. पाठ करण्याविरुद्ध नियम नव्हता. तसा नियम करावा लागेल असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसावं. पण ‘संशयास्पद वागणूक दिसल्यास कळवावे’ असा होता. मला काय दिसत होतं? एक माणूस... ज्याच्या उजव्या गालावर हसताना खळी पडते आणि वाचताना नाहीशी होते. हे कुठे कळवायचं?

चहाच्या यंत्रापाशी एकदा विचारलंच. “एवढं पाठ राहतं कसं?”

“नाटकात प्रॉम्प्टर होतो. विंगेत उभं राहून सगळ्यांची वाक्यं सांगायची. राजाची, राणीची, चोराची. स्वतःचं वाक्य एकही नाही.”

“एकदाही रंगमंचावर गेला नाहीत?”

“एकदा. पडदा लवकर उघडला म्हणून.”

मी इतकी हसले की चहा सांडला. तोही हसला, मग कपात बघत राहिला.

“आमचं गाव बंदराचं,” तो म्हणाला. “बोटीतून पूर्वी लाकूड यायचं, धान्य यायचं. आता दुसऱ्यांचा कचरा येतो. प्लॅस्टिक, वायरी, फुटके पडदे टीव्हीचे. धक्क्यामागे जाळतात. ताई खिडकीला ओला पंचा बांधते, तरी भाची खोकतेच. चार वर्षांची आहे. खोकून झालं की माझ्याकडे बघून म्हणते, ‘मामा, झालं.’ जशी काही माझीच समजूत घालते...”

मी सांडलेला चहा पुसायला घेतला.

“गावाने बोटी बंद करायचा ठराव केला, तरी त्या येतातच. आता या करारात बघा. कचऱ्याला कचरा म्हटलेलंच नाही. ‘वापरलेल्या वस्तू’! नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. गावाने अडवलं तर कंपनी नुकसानभरपाई मागणार. आणि निवाडा? आपल्या कोर्टात नाही, बंद दाराआड. तोंड दाबून बुक्क्यांचा मार आहे हो हा. आणि गावाला पत्ताच नाही.”

त्या रात्री मला झोप लागेना. कारण मला एक गोष्ट ठाऊक होती, जी त्याला नव्हती.

मी रुजू होताना आमच्या साहेबांनी सांगितलं होतं आणि कुणाला न सांगण्याची शपथही घ्यायला लावली होती – प्रत्येक वाचकाची प्रत वेगळी असते. अर्थ तोच, पण इथे एक शब्द बदललेला, तिथे एक. बाहेर काही फुटलंच, तर शब्दांवरून कळावं की कुणाच्या प्रतीतून फुटलं. आणि हा शहाणा तर कानामात्रा न चुकवता पाठ करत होता! दुसरा कुणी असता तर चुकला असता, वाचला असता. याला याची अचूकताच पकडून देणार होती.

सांगावं, तर शपथ मोडते. घरात मिळवती मी एकटी. आई रोज देवापुढे दिवा लावावा तसं माझं ओळखपत्र पुसून ठेवायची. न सांगावं... तर तो जातो.

दुसऱ्या दिवशी तपासायला त्याचा हात हातात घेतला आणि बोटाने तळव्यावर लिहिलं. शाई नाही, काही नाही. नुसतं बोट. *शब्द बदला.*

त्याने माझ्याकडे पाहिलं. खाली वाकून हळूच म्हणाला, “कळलं नाही. परत लिहा.”

पुढच्या दिवशी परत लिहिलं.

“अंहं. अजून नाही.”

तिसऱ्या दिवशी एकेक अक्षर रेंगाळत गिरवलं. त्याने मूठ मिटली, माझ्या बोटासकट.

“पहिल्याच दिवशी कळलं होतं,” तो म्हणाला. “पण कळलं म्हटलं असतं, तर तुम्ही लिहिणं थांबवलं असतंत.”

मावशी दारातून खाकरल्या. “झाली का तपासणी? की एक्स-रे काढायचाय?”

तो गावी गेला. सभेत त्याने सगळं स्वतःच्या शब्दांत सांगितलं, मी सांगितलं होतं तस्संच. परत आला तेव्हा खळी कुठेच नव्हती.

“करारवाले अधिकारी आले होते,” यंत्रापाशी उभा राहून तो म्हणाला. “हसले. म्हणाले, असं एकही वाक्य करारात नाही. असेल तर म्हणून दाखवा. गावातले लोक माझ्याकडे बघत होते. ताईसुद्धा. मी गप्प. लोकांना वाटलं, बनवाबनवी करतोय.”

“बरं केलंत गप्प राहिलात.”

“उद्या वाचनाचा शेवटचा दिवस. उद्या ते वाक्य जसंच्या तसं घेऊन जाणार आहे.”

“पकडतील तुम्हाला. अडकवतील, वर्षानुवर्षं.”

“माहीत आहे.” तो हसला, तसाच पडलेला चेहरा घेऊन. “प्रॉम्प्टर एकदा तरी रंगमंचावर येतोच म्हणायचं.”

“विनोद नका करू.”

“मग काय करू, सांगा. तिचा खोकला पाठ झालाय मला. तो कुठल्या शब्दांत बदलू?”

शेवटच्या दिवशी बाहेर बारीक पाऊस लागला होता. मी कपाट उघडलं. त्याची प्रत समोरच होती. तिच्या खाली कार्यालयाची प्रत – पडताळणीसाठी ठेवलेली, माझ्या ताब्यातली. तिलाही तिचे शब्द होते. त्या शब्दांचा माग निघाला, तर तो कुठल्याच वाचकापर्यंत जाणार नव्हता. माझ्या खुर्चीपर्यंत येणार होता.

मी फार विचार केला असं म्हणणं खोटं होईल. आईचा चेहरा आला डोळ्यांपुढे. मग एक चार वर्षांची मुलगी, जिला मी कधी पाहिलं नव्हतं. ‘मामा, झालं.’ माझा हात खालच्या प्रतीकडे गेला.

त्याने पान उघडलं. ओठ हलू लागले... आणि थांबले. त्याच्या प्रतीत ‘वापरलेल्या वस्तू’ होतं. इथे ‘वापरून झालेल्या वस्तू’ होतं. दुसऱ्या कुणाला कळलंही नसतं. त्याला पहिल्या ओळीतच कळलं. तो नुसता माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या डोळ्यांत एकेक गोष्ट उमटत गेली – शंका, मग अर्थ, मग भीती.

“वाचन चालू ठेवा,” मी कोरड्या, सरकारी आवाजात म्हटलं. “वेळ संपत आलाय.”

निघताना मी म्हटलं, “हात दाखवा.” त्याचे हात थंडगार होते.

“तू... तुम्ही हे काय केलंत?”

“पहिलं होतं तेच बरं होतं.”

“काय?”

“तू.”

त्याने डोळे मिटले. “मी नाही वापरणार हे वाक्य. शपथ.”

“तिचा खोकला थांबला का?”

माझ्या हातात त्याचे हात होते, आणि ते नेहमीसारखेच कोरे होते.

पुढच्याच आठवड्यात बंदराच्या लांबलचक भिंतीवर पांढऱ्या रंगात, बोटीतूनही वाचता येईल एवढ्या अक्षरांत ते उमटलं: *वापरून झालेल्या वस्तूंची आवक कोणत्याही स्थानिक कारणासाठी रोखता येणार नाही. रोखल्यास, मिळू शकला असता तो सर्व नफा भरून द्यावा लागेल.* खाली कुणीतरी वेगळ्या हाताने लिहिलं होतं, “आणि आमच्या पोरांचा श्वास?”

भिंतीचा फोटो सगळीकडे छापून आला. साहेबांनी तो माझ्या टेबलावर ठेवला, शेजारी कार्यालयाची प्रत. भले माणूस होते. ओरडले नाहीत, हेच वाईट.

“पोरी, हे तर तुझ्याच कपाटातलं.”

“हो, साहेब.”

“कुणाला दाखवलंस?”

मी खिडकीच्या पांढऱ्या काचेकडे बघत राहिले. तिच्यातून कधीच काही दिसत नसे.

“बंदरवाला तो मुलगा असणार, सगळ्यांना वाटतंय. पण त्याच्या प्रतीत हे शब्दच नाहीत. तू नाव घेतलंस तर तुझी नोकरी वाचेल.”

“माझ्याकडे नाव नाही, साहेब.”

ओळखपत्र काढून दिलं. चौकशी लागली. घरी आईने ओळखपत्राच्या रिकाम्या खुंटीकडे पाहिलं आणि माझ्या ताटात स्वतःच्या वाटणीचं वाढलं. तेव्हा मात्र मला रडू आवरलं नाही.

तिकडे सभागृहात म्हाताऱ्या सदस्याबाई उभ्या राहिल्या आणि भिंतीवरचं वाक्य मोठ्याने म्हणाल्या. वाक्य नाहीच, असं आता कुणाला म्हणता येईना. मतदान पुढे ढकललं. तो भाग पुन्हा चर्चेला घ्यायचं ठरलं. निदान तोवर बोटी थांबल्या.

माझं सामान न्यायला गेले त्या दिवशी तो त्याच पायऱ्यांवर उभा होता. छत्री नव्हती. पाऊस होता. मावशी दाराशी पाठ करून उभ्या राहिल्या. “मला काही दिसत नाही बाई. मोतीबिंदू झालाय आजपासून.”

“मी आत जाऊन सगळं सांगतो,” तो म्हणाला. “चोर सोडून संन्याशाला फाशी कशाला?”

“सांगितलंस, तर उद्या काय छापून येईल? दोन प्रेमात पडलेल्यांनी कागद चोरले. मग कुणी भिंत वाचणार नाही, आपल्यालाच वाचत बसतील. त्यांना तेवढंच हवंय.”

“मग भेटायचं कधी?”

“चौकशी आहे तोवर नाही.”

“आणि ती संपलीच नाही तर?”

मला उत्तर माहीत होतं. त्यालाही. अशा चौकशा संपत नाहीत, नुसत्या जुन्या होतात.

“भाची कशी आहे?” मी विचारलं.

“काल रात्रभर झोपली. ताई मात्र झोपली नाही. सारखी उठून बघत होती, श्वास चालू आहे ना.” त्याने कपाळावरचा पाऊस पुसला. “इतकं शांत तिला सवयीचं नाही गं.”

कोपऱ्यावर त्याच्या गावाची बस वळताना दिसली. तो एक पायरी खाली उतरला, थांबला, वळला.

“हात दाखव.”

मी हात पुढे केला. पावसाचे थेंब पडत होते तळव्यावर. त्याने ते अंगठ्याने पुसले आणि बोटाने सावकाश लिहायला लागला. पहिल्याच अक्षराला मला पूर्ण शब्द कळला.

“कळलं नाही,” मी म्हटलं. “परत लिही.”

त्याने परत लिहिलं. गालावर ती खळी पडली होती, आणि तिच्यात पाणी.

“अजून नाही कळलं.”

त्याने तिसऱ्यांदा बोट टेकवलं. अर्धा शब्द झाला होता, तेवढ्यात बस आली.

तो अर्धा शब्द मी मुठीत मिटून घेतला. पाऊस थांबला तरी मूठ उघडली नाही.