मिटलेल्या डोळ्यांची निगेटिव्ह

अहमदपूरच्या एसटी स्टँडमागं जलीलचाचांचा फोटो स्टुडिओ आहे. पुढच्या खोलीत त्यांचा मुलगा जीशान पासपोर्ट फोटो आणि झेरॉक्स काढतो, घर त्यावरच चालतं. मागची डार्करूम मात्र चाचांची. पासष्टी ओलांडली, तरी दिवसातून एकदा आत जाऊन लाल बल्ब लावल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही. "अब्बा, आत असं काय ठेवलंय?" असं जीशाननं विचारलं की चाचा म्हणतात, "माझी जवानी ठेवलीय. तुला काय करायचंय!"

गेल्या हिवाळ्यात या जवानीला एक विद्यार्थिनी मिळाली. रेणुका तिचं नाव, नांदेडजवळ विष्णुपुरीला एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला. कुठूनसा जुना रोलचा कॅमेरा मिळवून ती धरणावरचे, घाटावरचे फोटो काढायची आणि दर रविवारी एसटीनं येऊन चाचांकडून प्रिंट करायला शिकायची. चाचांना तर आभाळ ठेंगणं झालं होतं. चाळीस वर्षांची कला घ्यायला कुणीतरी आलं, याहून माणसाला म्हातारपणी काय पाहिजे?

एप्रिलमधल्या एका रविवारी मात्र ती रिकाम्या हातानं आली.

"जयभीम चाचा."

"जयभीम, ये बेटा. रोल कुठाय?"

"आज माझा रोल न्हाई. तुमच्याजवळचीच एक निगेटिव्ह पाहिजे. सत्त्याऐंशी सालची. आमच्या वाडीवर तुम्ही आला होता... माझी आई गेली तेव्हा."

चाचांच्या ध्यानात आलं. त्या काळी इकडच्या कितीतरी माणसांचा जन्मात एकच फोटो निघायचा, आणि तोही जन्म संपल्यावर. घरचं कुणी सायकल मारत यायचं, चाचा कॅमेरा घेऊन निघायचे. गेलेल्या माणसाला खुर्चीत बसवायचं, पडू नये म्हणून मागून धोतर बांधायचं, फोटो काढायचा. मग प्रिंटवर बारीक ब्रशनं मिटलेले डोळे उघडायचे. आधी पांढरं, मग बुबुळ. या कामात चाचांचा हात असा बसला होता, की काही नातेवाईक म्हणायचे, जिवंतपणीसुद्धा याचे डोळे इतके चांगले नव्हते.

रेणुकाची आई बाळंतपणात बेशुद्ध झाली आणि दुसऱ्या दिवशी गेली. फोटो काढताना रेणुकाच्या मावशीनं, पारूबाईनं, दोन दिवसांचं बाळ आणून बहिणीच्या मांडीवर ठेवलं. "एकदा तरी मायलेकींना संगं बसू द्या," म्हणाली. चाचांना ते शब्द अजून आठवत होते.

रंगवलेल्या डोळ्यांचा तो फोटो वाळवी लागेपर्यंत घरात होता. रेणुकाला त्या डोळ्यांची भीती वाटायची. ते कुणाकडंच बघायचे नाहीत.

"मावशीनं मला लेकीसारखं वाढवलं," रेणुका म्हणाली. "पण एक गोष्ट ती सारखी बोलायची. तुझ्या मायनं डोळे उघडलेच न्हाईत गं, तुला पाहिलंच न्हाई तिनं. चाचा, सदतीस वर्षं झाली, ते मनातून जात न्हाई. मला रंगवलेले डोळे नको. मिटलेले असू द्या. पण खरा चेहरा पाहिजे."

चाचांनी बिस्किटांचे पत्र्याचे डबे उतरवले. प्रत्येक पाकिटावर साल आणि गाव उर्दूत लिहिलेलं. अर्ध्या तासात निगेटिव्ह सापडली आणि चाचांची छाती फुगली. जीशानला त्याच्या कॉम्प्युटरमधला मागच्या महिन्याचा फोटो सापडत नाही!

बाहेर भरदुपारचं ऊन रणरणत होतं. डार्करूमचं दार लागलं, पडदा ओढला आणि दुपार बाहेरच राहिली. धूळ उडू नये म्हणून पंखा बंद. लाल उजेड, फोटो पक्का करणाऱ्या हायपोचा आंबूस वास, आणि कोपऱ्यातल्या नळाचं थेंब थेंब गळणं.

रेणुकानं एन्लार्जरखाली कागद ठेवला, आकडे मोजत उजेड दिला आणि कागद डेव्हलपरमध्ये सोडला. ट्रे हलके हलके झुलवू लागली. आधी केस आले, मग खुर्चीचे हात, मागचं काळं दार. मग चेहरा.

डोळे उघडे होते.

चाचांनी जीभ चावली. "माफ कर बेटा. माझीच करामत दिसतेय. प्रिंटवर ब्रश मारायच्या ऐवजी मी निगेटिव्हवरच पेन्सिल चालवली असंल. कधीमधी करायचो तसं."

रेणुका हिरमुसली, पण ट्रेवरून तिची नजर हलेना. "चाचा... हे रंगवलेले वाटत न्हाईत."

"हात तसा होता बेटा," चाचा म्हणाले. खोटं कशाला बोला, त्यांना मनातून बरंच वाटलं.

पहिली प्रिंट हायपोत गेली. ही जरा काळी आली म्हणून रेणुकानं दुसरा कागद घेतला, दोन सेकंद कमी उजेड दिला. पुन्हा केस, खुर्ची, दार, चेहरा. आणि तिचा ट्रे झुलवणारा हात थांबला.

या प्रिंटमध्ये आईनं नजर खाली वळवली होती. मांडीवरच्या बाळाकडं.



"बेटा..." चाचा ट्रेवर वाकले. "पहिली... पहिली दाव."

दोन्ही प्रिंट हायपोत शेजारी शेजारी ठेवल्या. एकीत बाई समोर बघत होती, दुसरीत खाली. चाचांनी पांढरा दिवा लावला, निगेटिव्ह काढली, भिंग डोळ्याला लावलं. मग दोन्ही बाजूंनी नखानं हलकेच चाचपून पाहिली. पेन्सिल नव्हती. ब्लेडनं खरवडल्याची खूण नव्हती. निगेटिव्हमध्ये बाईचे डोळे गच्च मिटलेले होते.

चाचांच्या अंगावर सरसरून काटा आला. "चल, बाहेर चल," ते म्हणाले.

पण रेणुका हसत होती. गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. "चाचा, बघितलं तिनं मला. बघा की... बघून राहिलीय."

तिचा चेहरा पाहिला आणि चाचांची भीती निम्मी उतरली. आईच तर आहे, ते मनाशी म्हणाले, आईला काय भ्यायचं? प्रिंट धुतल्या, वाळवल्या. दोघांनी जीशानसोबत बसून चहा घेतला. अडीचच्या नांदेड गाडीत चाचांनी स्वतः तिला खिडकीची जागा धरून दिली. गाडी हलली तेव्हा ती फोटोचं पाकीट छातीशी धरून बसली होती, आणि चाचांना आयुष्य सार्थकी लागल्यासारखं वाटलं.

दुपार कलल्यावरची असरची नमाज झाली आणि ते पुन्हा डार्करूममध्ये गेले. त्यांचा एक नियम होता. डब्यातून काढलेल्या निगेटिव्हची एक प्रिंट स्टुडिओत राहिलीच पाहिजे, त्याशिवाय ती परत डब्यात जात नसे. त्यांनी कागद डेव्हलपरमध्ये सोडला आणि एकटेच ट्रे झुलवू लागले.

केस आले. खुर्ची आली. चेहरा आला, आणि डोळे मिटलेले पाहून चाचांनी सुटकेचा श्वास सोडला. चेहरा शांत होता, दिवसभराचं काम उरकलेल्या बाईचा असतो तसा.

पांढरं सगळ्यात शेवटी उमटतं. बाळाचं दुपटं पांढरं होतं, म्हणून चाचा थांबून राहिले. दुपट्याच्या जागी हळूहळू लुगड्याच्या चौकड्या उमटल्या. एक, दोन, मग सगळ्या. मांडी रिकामी होती.

त्यांनी लगेच रेणुकाला फोन लावला. बऱ्याच रिंगनंतर तिनं उचलला.

"पोचलीस, बेटा?"

"हाव... कवाच." आवाज झोपेनं जड झालेला.

"बरी हायस ना?"

"लई बरं वाटून राहिलंय, चाचा. आल्या आल्या पडले. अशी झोप... जन्मात आली न्हाई..."

"घरात संगं कोण हाय?"

"कोण असणार... एकटीच..."

पुढं नुसता संथ श्वास ऐकू येऊ लागला. आणि त्या श्वासाच्या जोडीनं, फोनच्या जवळच, दुसरं काहीतरी. थप... थप... थप... कुणीतरी सावकाश थोपटत होतं.

"रेणुका," चाचा ओरडले. "ऊठ, बेटा! दिवा लाव! रेणुका!"

थोपटणं थांबलं. मग फोनच्या अगदी जवळ येऊन कुणीतरी हळूच म्हटलं, "श्शऽऽ..."

आणि थोपटणं पुन्हा सुरू झालं.