दोन दारांमधले चाकारोव सर

हे माझ्या स्वतःच्या बाबतीत घडलंय. कुणाच्या मावशीनं सांगितलेलं नाही की कुठे वाचलेलं नाही. यातलं काहीही मी रंगवून सांगणार नाही. त्याची गरजच नाही.

विद्यापीठाचं नाव मात्र विचारू नका. मी अजून तिथेच नोकरी करते. बल्गेरियात, डॅन्यूबच्या काठी आहे, एवढं पुरे.

नोव्हेंबरातला सोमवार होता. भर सकाळी धुकं इतकं, की नदी सोडाच, फाटकाजवळची झाडंही दिसत नव्हती.

प्र-कुलगुरू म्हणून तो माझा पहिला दिवस. परदेशी विद्यापीठांशी संबंध हे खातं माझ्याकडे आलं होतं. मेच्कारोवा बाईंना ते त्यांच्या माणसासाठी हवं होतं. त्या अध्यापनाच्या प्र-कुलगुरू. कोणता विषय शिकवायचा, कोणता बंद करायचा, हे त्या ठरवत. कुलगुरू द्रांदारोव त्यावर सही करत. संशोधनाचे प्र-कुलगुरू त्सेन्कोव म्हातारे होते, कानाला यंत्र लावायचे. आणि कुलसचिव पालाझोव. शिक्के, किल्ल्या, नेमणुका, सगळं त्यांच्या मुठीत.

दर सोमवारी हे चौघं कुलगुरूंच्या दालनात बसत. आता पाचवी मी.

या दालनाला एकामागे एक अशी दोन दारं होती. आमच्याकडे जुन्या साहेबांच्या खोल्यांना असतातच. दोन्ही दारांना कापूस भरलेलं तपकिरी कातडं, वर पितळी खिळे. आतलं बोलणं बाहेर जाऊ नये म्हणून.

दोन दारांच्या मध्ये एक माणूस उभा राहील एवढीच जागा.

बाहेरच्या खोलीत कुलगुरूंची सेक्रेटरी दोचका बसायची. तिनं माझ्याकडे न बघताच बाहेरचं दार उघडलं. "जा मॅडम. आतलं तुम्हीच ढकला."

मी आत पाऊल टाकलं. बाहेरचं दार मागे आपोआप बंद झालं.

मिट्ट काळोख.

मी आतल्या दाराची मूठ चाचपायला लागले, आणि... माझ्या हाताला लोकर लागली.

ओली लोकर. पावसात भिजून आलेल्या कोटासारखी.

मला वाटलं, कुणीतरी कोट टांगलाय. मूठ सापडली, मी दार ढकललं, उजेड आला. मागे वळून बघितलं.

तिथे कोट नव्हता. खुंटीसुद्धा नव्हती.

चौघं आधीच बसलेले होते. माझ्याकडे टक लावून बघत होते.

"आलात? सुखरूप?" मेच्कारोवा बाई म्हणाल्या. "ह्या परदेशातले पाहुणे आणणार म्हणे. आधी स्वतः आत यायला शिका."

पालाझोव खाली बघून हसले. तेव्हा माझ्या लक्षात आलं. दोचकाच्या खोलीतून यांच्यापैकी कुणीच आलं नव्हतं. कुलगुरूंच्या बेसिनच्या खोलीतून मागच्या बोळात एक साधं दार निघत होतं. सगळे तिथून ये-जा करत. मला तेवढं सांगितलं नव्हतं.

त्सेन्कोवांनी कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलं. बैठकीला बसताना यंत्र काढणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होते.

बैठक सुरू झाली. थोड्या वेळानं...

धप्प.

दाराच्या बाजूनं. गादीवर मूठ मारावी तसा आवाज.

कुणीही मान वळवली नाही. द्रांदारोवांनी फक्त आवाज चढवला.

धप्प... धप्प.

"कुणीतरी दार वाजवतंय," मी म्हणाले.

"लाकूड जुनं झालंय," कुलगुरू म्हणाले. "पुढचा विषय."

"आवाज लाकडाचा नाही, सर."

"तुम्ही लाकडातल्या तज्ज्ञ का हो?" मेच्कारोवा बाई. "पुढचा विषय म्हटलंय ना त्यांनी!"

पण हट्टी आहे मी. चोरासारखं मागच्या बोळातून जायचं नाही, असं मी ठरवलं. पुढच्या सोमवारीही मी दोन दारांमधूनच गेले.

या वेळी कुणीतरी माझी बाही धरली.

ओढली नाही. नुसती धरली. रांगेत पुढे घुसणाऱ्या माणसाला आपण हळूच मागे धरतो ना, तशी.

आतल्या दारावर मी अंगच टाकलं आणि दालनात जवळजवळ पडलेच. बाहीवर चार बोटांचे ओले डाग होते. सगळ्यांनी ते बघितले. आणि समोरच्या कागदांत डोकं घातलं.

बैठक सुटल्यावर मी पालाझोवांना जिन्यात गाठलं. ते सिगारेट ओढत होते.

"त्या दारात काय आहे?"

"नव्या आहात. नाक खुपसू नका."

मी बाही पुढे केली. डाग अजून वाळले नव्हते. पालाझोवांनी ते बघितले. मग त्यांनी सिगारेट विझवली.

"चाकारोव," ते म्हणाले.

स्तामेन चाकारोव भूगर्भशास्त्राचे डीन होते. सप्टेंबरात हृदयविकारानं गेले, एवढंच मला माहीत होतं.

"त्यांचा विभाग बंद करायचं चाललं होतं," पालाझोव सांगू लागले. "मेच्कारोवा बाईंनी ठरवलं होतं. डीनला बैठकीत बसायचा हक्क असतो, म्हणून ते दर सोमवारी यायचे. आम्ही त्यांना बाहेर ताटकळत ठेवायचो. शेवटच्या दिवशी ते कुणालाच न विचारता आत घुसले. म्हणजे बाहेरच्या दारातून. साहेबांनी मला आतून कडी घालायला सांगितली."

"मग ते परत बाहेर गेले असतील."

"बाहेरच्या दाराला आतून मूठ नाही. केव्हाच तुटलीय. आणि दोचकाला मीच पोस्टात पाठवलं होतं."

पालाझोव जिन्याखाली बघत पुढे सांगू लागले.

"ते दार बडवत होते. आम्हाला ऐकू येत होतं. साहेब म्हणाले, बडवू दे, दमेल. बाई हसल्या. आम्हीही हसलो. मग आवाज थांबला. आम्हाला वाटलं, गेले." त्यांनी घसा खाकरला. "बैठक झाल्यावर कडी काढली. ते उभेच होते हो. जागाच इतकी अरुंद... पडणार कुठे?"

"आणि हे तुम्ही कुणाला सांगितलं नाही?"

"डॉक्टरांनी हृदयविकार लिहिला. खोटं होतं का ते?" आणि लगेच त्यांचा आवाज बदलला. "आता ऐकलंत ना? हे बाहेर गेलं, तर ज्या खुर्चीवर बसलात ती मी काढून घेईन."

हिवाळा तसाच गेला. मी मागच्या बोळातून जाऊ लागले. हट्ट केव्हाच उतरला होता. दर सोमवारी आवाज यायचा, आणि दर सोमवारी आम्ही तो न ऐकल्यासारखं करायचो. मीसुद्धा.

फेब्रुवारीत सोफियाहून मंत्रालयाची माणसं आली. दोचकाच्या खोलीत बसली होती. कुलगुरूंनी बाहेरच्या दारावर आतून टकटक करायची, दोचकानं ते उघडायचं आणि कुलगुरूंनी स्वतः त्यांना आत आणायचं, अशी पद्धत. मागच्या बोळातून वळसा घालून, बेसिनच्या खोलीतून पाहुणे कसे आणणार?

द्रांदारोव दाराजवळ जाऊन थबकले.

"अहो जा ना," मेच्कारोवा बाई म्हणाल्या. "दार आहे ते. चावतंय का?"

ते गेले. आतलं दार बंद झालं.

आम्ही टेबलावरचे कप नीट मांडले. तेवढ्यात मागच्या बोळातून दोचका आली.

"साहेब कुठे आहेत? पाहुणे खोळंबलेत."

"आत्ताच गेले की बाहेर!"

"बाहेर कुणी आलं नाही..."

आम्ही दाराकडे बघितलं.

त्या दिवशी एकही ठोका पडला नव्हता. काहीच ऐकू येत नव्हतं.

पालाझोव वळसा घालून बाहेरच्या खोलीकडे धावले. मी आतलं दार ओढलं.

द्रांदारोव तिथेच उभे होते.

टाय सुटलेला. दोन्ही मुठी सोलून निघालेल्या, नखं तुटलेली. ओठ कोरडे पडून फुटलेले. आणि हनुवटीवर... पांढरी दाढी वाढली होती.

सकाळी ते गुळगुळीत दाढी करून आले होते. आम्ही सगळ्यांनी बघितलं होतं. आणि ते दारात शिरून पाच मिनिटंही झाली नव्हती.

"किती दिवस..." ते पुटपुटले. आवाज पूर्ण बसला होता. "किती दिवस झाले?"

इस्पितळात मी त्यांना भेटायला गेले. ते माझ्याकडे बघत नव्हते.

"मी ओरडत होतो," ते म्हणाले. "तुम्ही सगळे आत हसत होतात."

"आम्ही हसलो नाही, सर. देवाशपथ."

"हसत होतात. मी ऐकलं." मग त्यांनी डोळे मिटले. "तो भांडला नाही माझ्याशी. शेजारी उभा होता. सारखं एकच म्हणायचा... थांबा, बोलावतील."

द्रांदारोव परत आले नाहीत. प्रभारी कुलगुरू म्हणून मेच्कारोवा बाई बसल्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी दोन्ही दारं काढायला लावली, तिथे विटांची भिंत घातली, वर रंग दिला. आता दालनाला मागच्या बोळाचंच दार.

मार्चमधला पहिला सोमवार. बाईंनी स्वतः चीज भरलेला गरम बनित्सा मागवला होता. सगळे हसतखेळत होते. त्सेन्कोवांनी यंत्रसुद्धा कानात ठेवलं होतं.

"बघा," बाई म्हणाल्या. "चार विटांचं काम होतं. तुम्ही पुरुष नुसते घाबरत बसलात."

आणि तेवढ्यात...

धप्प.

बोळाच्या दारावर. बेसिनच्या खोलीतलं ते दार मला समोरच दिसत होतं.

ते दार साध्या लाकडाचं. त्याला कापूस नाही, कातडं नाही. तरी आवाज तोच. गादीवर मूठ मारावी तसा.

त्सेन्कोवांचा हात कानाकडे गेला.

"पुढचा विषय," बाई म्हणाल्या. त्यांनी हातातला तुकडा बशीत ठेवला. "पालाझोव, कडी घातलीय ना?"

"घातलीय."

धप्प... धप्प...

काय झालं मला माहीत नाही. धैर्य नव्हतं ते. संताप होता. त्यांचा, माझा स्वतःचा, सगळ्यांचा. मी उठले.

"आत या, चाकारोव सर," मी मोठ्यानं म्हणाले.

"विख्रा!" बाई माझ्यावर किंचाळल्या. "वेड लागलंय का तुला? बस खाली!"

आवाज थांबला.

कडी... आपोआप सरकली.

दार वीतभर उघडलं. बाहेर बोळ रिकामा होता. माझ्या खांद्याजवळून ओल्या लोकरीचा वास गेला.

मग एक वेगळीच गोष्ट घडली. टेबलाच्या टोकाला पालाझोव बसले होते. ते उठले. भिंतीला पाठ लावून उभे राहिले, आणि बैठक संपेपर्यंत उभेच होते.

नंतर मी विचारलं, "तुम्हाला कुणी उठवलं का?"

"नाही," ते म्हणाले. "मीच उठलो. डीनची जागा होती ती."

त्यानंतर ठोके बंद झाले. कायमचे.

मला हलकं वाटत होतं. वाटलं, सुटला बिचारा. सहा महिने तो एका शब्दासाठी उभा होता आणि तो शब्द मी उच्चारला. हे त्याच्या बायकोला सांगावं, असं मनात आलं. दोनच दिवसांनी, दुपारची, मेलेल्यासाठी नेतात तशी सम संख्येत पांढरी फुलं घेऊन मी त्यांच्या घरी गेले.

दारावर चाकारोव सरांचा फोटो छापलेला कागद चिकटवला होता. जाऊन सहा महिने झाल्याचा. खाली काळी फीत.

त्रेंदाफिला बाईंनी दार उघडलं. हाताला पिठीसाखर. सहामाहीला मेलेल्याच्या नावानं वाटायचे गोड गहू उकडले होते.

"विद्यापीठातून?" त्या म्हणाल्या. "आता काय राहिलंय इथं तुमचं?"

मी उंबऱ्यातच सगळं सांगितलं. बाही, ठोके, द्रांदारोव. आणि मी कसं त्यांना आत बोलावलं तेही.

त्या शांतपणे ऐकत होत्या. मग एकदम म्हणाल्या,

"कोणत्या सोमवारी?"

"परवाच्याच."

त्यांनी मागे वळून खुंटीवरच्या कोटाकडे बघितलं.

"दर सोमवारी यायचा तो," त्या म्हणाल्या. "तुमची बैठक सुटली की. आधी जिन्यात पाय वाजायचे. मग खुंटीवरचा त्याचा कोट ओला व्हायचा. मी सूप वाढून ठेवायचे. सहा महिने एक सोमवार चुकला नाही. परवा... परवा आला नाही."

"बाई, मला वाटलं..."

"तुम्हाला वाटलं! दाराबाहेर होता, तोवर माझा होता तो. कंटाळून घरी तरी यायचा. आत कशाला बोलावलंत? त्यांची बैठक कधी संपते का?"

"मी काय करू, सांगा."

"तुम्हीच बोलावलंत ना? मग तुम्हीच त्याला घरी पाठवा."

त्यांनी फुलं घेतली नाहीत. दार माझ्या तोंडावर बंद केलं.

तेव्हापासून दर सोमवारी मी सगळ्यांत शेवटी निघते. सगळे गेले की बोळाचं दार उघडं धरते. "बैठक संपली, सर," म्हणते. "घरी जा. बाई वाट बघतायत."

जवळून कुणी जात नाही. कसलाही वास येत नाही.

संध्याकाळी त्रेंदाफिला बाईंचा फोन येतो. त्या एवढंच विचारतात, "सोडलं का?"

मी "हो" म्हणते. दुसरं काय सांगू?

मग त्या फोन ठेवत नाहीत. जिन्याकडचं दार उघडल्याचा आवाज येतो. त्या कान देऊन ऐकत असतात... आणि इकडे मीही.

पायांचा आवाज काही येत नाही.