हळदीतले चाळीस सेकंद

अंधाराशी माझा रोजचा संबंध, पण भुताखेतांशी नाही, हे आधीच सांगून ठेवते. घणसोलीत पहिल्या मजल्यावर माझा गाळा आहे. लोकांच्या लग्नांचे व्हिडिओ येतात आणि मी त्यांचे रंग ताळ्यावर आणते. नवरीचा चेहरा टोमॅटो झाला असेल तर तिला माणसात आणायचं, हळद हिरवट आली असेल तर पिवळी करायची, अंधारात काढलेलं उजळायचं. वडील वाशीच्या मार्केटात हमाल होते. त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही की लेक नक्की करते काय. 'दिवसभर खोली बंद करून टीव्ही बघते,' असं ते साताऱ्याकडच्या पाहुण्यांना सांगायचे. खोली बंद करते हे खरंच आहे. भर दुपारी पडदे ओढल्याशिवाय स्क्रीनवरचा रंग खरा दिसत नाही.

आता अंधारातल्या व्हिडिओत दाणे येतात, ते काय असतात ते ऐका, नाहीतर पुढचं कळायचं नाही. अंधारात कॅमेऱ्याला दिसत नाही. पण दिसत नाही हे कबूल करील तर शपथ! मग तो आपल्या मनानं रंगीत ठिपके भरत बसतो. व्हिडिओ उजळला की ते ठिपके तांदळातल्या किड्यांसारखे वळवळायला लागतात. त्यालाच आम्ही दाणे किंवा नॉइज म्हणतो. तो पुसायला सॉफ्टवेअर असतं. ते एकापाठोपाठ एक फ्रेम ताडून बघतं. जे टिकतं ते खरं, जे क्षणाक्षणाला बदलतं ते खोटं, पुसून टाक. सोपा हिशोब आहे, आणि अकरा वर्षं माझा त्यावर विश्वास होता.

मार्चमध्ये तळवलीचा कल्पेश आला. लग्न होऊन पंधरा दिवस झाले होते, हातावरची मेंदीसुद्धा पुरती गेली नव्हती. पोरगं आगरी, रुंद छातीचं, पण बोलायला लागला आणि आवाज चिरकला. त्याचे वडील चांगदेव आदल्या वर्षी गेले होते. हळदीला गावातल्या सगळ्या बायांनी त्याला हळद लावली, आई तेवढी राहिली. विधवेनं नवरदेवाला हळद लावायची नाही, म्हणून आत्या आडवी आली. कल्पेश भांडला, पाटावरून उठतो म्हणाला, पण आईच नको म्हणाली. पोराच्या संसाराला तिच्यामुळे काही लागायला नको. ती मांडवाच्या मागं, पाण्याच्या पिंपाजवळ उभी राहिली.

त्याला आईबरोबरची एक फ्रेम हवी होती. अख्ख्या हळदीत एकही नव्हती. जिथं कुठं अंधारात ती असेल तिथं उजळा, ताई, एवढंच त्याचं म्हणणं होतं. मी हो म्हणाले. अशा कामाला नाही म्हणणारी मी कोण?

शूटिंग सनीचं होतं. सनी गुणी पोरगा, पण कॅमेरा बंद करायला विसरतो, त्यावरून मी त्याला कितीदा झापलंय. हळदीत आठच्या सुमारास जनरेटर बंद पडला आणि चाळीस सेकंद मांडव काळाठिक्कर झाला. सनीचा कॅमेरा चालूच. मी ते चाळीस सेकंद उजळले आणि सवयीनं लगेच दाणे पुसून टाकले.

आई दिसली. पिंपाजवळून निघाली होती, सरळ पाटाकडे येत होती. कल्पेशशेजारच्या ताटलीतली हळद उचलली, त्याच्या गालाला लावली, आणि दिवे यायच्या आत परत जागेवर. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं बघा. पण तिची चाल मला खटकली. उजवा हात पुढं ताठ, मनगट वर उचललेलं, आणि अंग जरा मागं कललेलं. आपण कुणाला ओढत नेतो तेव्हा ते माणूस असं चालतं.

मी दाणे परत आणले. तिच्या मनगटापुढं ते वळवळत नव्हते. थरथरत होते, पण एकाच ठिकाणी. तिथं एक हात होता, त्याला खांदा होता, आणि जरा वाकलेली, उंच पाठ. उठून पडदे उघडले, खाली वडापाववाल्यापाशी दहा मिनिटं उगाच उभी राहिले. मग वर येऊन पुन्हा बघितलं. होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी कल्पेशची आई, चंद्राबाई, स्वतःच आल्या. कल्पेश घरी हौसेनं बोलला होता म्हणे, की ताई अंधारसुद्धा उजळतात. बाई घाबरून रिक्षानं आल्या होत्या, पण रिकाम्या हातानं नाही. डब्यात तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकट. आधी खायला लावलं, मी खाल्लं, आणि मग पदर तोंडाशी धरून हळूच म्हणाल्या, "बाय... त्यो अंधार तसाच ठेव."

मी विचारलं, का? लाईट गेल्यावर कुणीतरी मनगट धरलं आणि नेलं, असं त्या म्हणाल्या. हात ओळखीचा होता. जाळी विणून विणून ज्याची बोटं खरखरीत झाली होती, तोच. त्या गेल्या, हळद लावली, कुणाला कळलं नाही. पण व्हिडिओत दिसलं तर आत्या गावभर करील. उद्या पूर्वीला, म्हणजे सुनेला, साधा ताप आला तरी बोट ह्यांच्याकडे. बोट राहू दे, त्यांना स्वतःलाच रात्रभर झोप नव्हती. हौसेपायी पोराला आपला विटाळ तर लागला नाही ना, हाच घोर.

मला राग आला. बाईवर नाही, त्या सगळ्या रीतीवर. मी म्हणाले, मावशी, तुम्ही एकट्या नव्हत्या, बघा. आणि दाण्यांसकट तो तुकडा लावला.

त्यांनी ओरडायला हवं होतं. त्या खुर्ची पुढं ओढून बसल्या. स्क्रीनवरच्या त्या वाकलेल्या पाठीवरून बोट फिरवलं आणि हसल्या. "वाकून चालाची सवय कवाच नाय गेली ह्यांची," म्हणाल्या. आता तुम्ही म्हणाल, हे कसं? त्यांच्याकडे मांडवात धवलारीण गाणी म्हणते आणि देवांबरोबर घरातल्या गेलेल्या माणसांनाही नाव घेऊन बोलावते. चंद्राबाईंना यात नवल काहीच नव्हतं. आवतन दिलं, आले. मग त्या मला एकेक दाखवू लागल्या. खांबापाशी दाणे दाटले होते ती सासू. खाली बसलेला थोरला दीर. लग्नाच्या अल्बममधले पाहुणे दाखवावेत तशा सांगत होत्या, कोण किती खायचं, कोण कुणावर रुसलेलं. भीती कुठल्या कुठं गेली माझी. मीही विचारायला लागले, आणि हा कोण, पाटाच्या मागं? कल्पेशच्या खांद्यावर हात टाकून उभा आहे तो?

चंद्राबाईंनी स्क्रीनवरचं बोट उचललं.

"मागं घे," म्हणाल्या. मी मागं घेतलं. लाईट जाते. खांबापाशी बसलेली सासू उठते, दीर उठतो. सगळ्यांचे चेहरे कल्पेशकडे. त्याच्या मागं तो, ताठ, बाकीच्यांपेक्षा काळा. त्याचा हात खांद्यावरून गळ्याकडे सरकतो आहे... चांगदेव धावत पिंपाकडे जातात. धावतच. बायकोचं मनगट धरून ओढत आणतात. तिची हळद पोराच्या गालाला लागते. गळ्याकडे निघालेला तो काळा हात मागं सरकतो.

"ह्यो आमचा नाय..." चंद्राबाई पुटपुटल्या. "ह्याला आमी नाय बोलावला."

मग त्या उठल्या. पदर नीट केला. डोळे भरलेले होते, पण आवाजात आता आल्यावेळचं काहीच नव्हतं. कल्पेशला सगळं दाखव म्हणाल्या, उजळून दाखव, आत्येला पण दाखव. पोराला आईचा हात लागला म्हणून पोर वाचलं, कोन काय बोलतंय बघते मी. जाताना डबा तसाच ठेवून गेल्या, भाकरी उरली आहे ती संध्याकाळी खा म्हणून.

मी काम पुरं केलं. आयुष्यात पहिल्यांदा दाणे न पुसता व्हिडिओ दिला. कल्पेशनं ती फ्रेम मोठी करून घरात लावली. त्याला त्यात आई दिसते, तेवढं पुरे आहे. नवरा-बायको खुशाल आहेत, पूर्वीला दिवस गेलेत, चंद्राबाई सुनेचे लाड करण्यात दंग आहेत. आठवड्याला एक डबा माझाही येतो.

एक गोष्ट मात्र मी त्यांना सांगितली नाही. त्या चाळीस सेकंदांच्या शेवटी तो न बोलावलेला वळतो. कल्पेशला सोडून सरळ कॅमेऱ्याकडे चालत येतो, आणि सनीच्या बाजूनं फ्रेमबाहेर जातो.

सनीला मी दोनदा जेवायला बोलावलं, नीट निरखून बघितलं. पोरगं ठणठणीत आहे, वर मलाच विचारतो, ताई, एवढी माया कशी काय? काल त्यानं शिरवण्याच्या एका बारशाचं शूटिंग पाठवलं. भर बाराची वेळ, गच्चीवर पांढरं कापड, लख्ख ऊन. अशा उजेडात दाणे येतच नाहीत. मी तिन्ही कॅमेऱ्यांचं बघितलं. सगळं स्वच्छ. फक्त पाळण्याच्या डाव्या अंगाला, माणसाच्या उंचीएवढे, काळे.

मी पुसून बघितले. पुसले जात नाहीत.

सनीकडून त्या बाळाच्या आईचा नंबर घेतला. अनोळखी बाईला काय सांगणार? दहा वेळा फोन हातात घेतला, ठेवला. शेवटी लावला. मी व्हिडिओवाली, म्हटलं. जरा विचित्र वाटेल, पण बाळाला थोडी हळद लावाल का, तुमच्या स्वतःच्या हातानं, आत्ताच?

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला. बाळाच्या घशातला आवाज तेवढा येत होता. मग ती अगदी हळू, कुणाला ऐकू जाऊ नये अशी बोलली.

"ताई... तुम्हालापण दिसतो का तो?"