सायीचं कढण

"आक्का, साय कधी घालू?"

ओसरीच्या टोकाला घोंगडीवर बाहेर बसलेल्या द्वारकाबाईच्या काळजात कळ उठली... तिच्याच चुलीपुढून उठून दारात येत तिच्या सवतीनं हे विचारावं! विटाळाचे दिवस सरेपर्यंत तिला स्वयंपाकघरात पाऊल टाकता येत नव्हतं, आणि धाकटी गोजर मात्र पदर खोचून तिथं मालकिणीसारखी वावरत होती.

पोटी मूल नाही म्हणून नवऱ्याला, रामरावांना, दुसऱ्या लग्नाला तिनंच तयार केलं होतं; टेंभुर्णीच्या त्या घरात गोजरला ओवाळून आत घेतलं होतं तेही तिनंच. गावानं त्या त्यागाचं केवढं कौतुक केलं! पण कौतुकानं रात्री झोप थोडीच लागते... नवरा वाटून दिला, आता उरली होती ती एवढी चूल. कडाक्याच्या थंडीत दात नसलेल्या सासूबाईंना, झुंबरबाईंना, लाल भोपळा आणि गाजरं शिजवून रवीनं घोटलेलं, साय घातलेलं कढण लागे. "माझ्या थोरलीसारखं कुणाला जमायचं न्हाई," असं त्या म्हणत, आणि त्या एका वाक्याच्या आधारावर द्वारका या घरात जगत होती!

आज सासूबाई तापानं व्याकूळ होत्या. कालपासून त्यांनी अन्न टाकलं होतं. पोटात काहीतरी गेलंच पाहिजे, असं जाफराबादच्या हकिमांनी बजावलं होतं.

साय घालायची ती पातेलं खाली उतरवून, वाफ निवल्यावर. आणि लिंबू तर बिलकुल नाही. द्वारकेला हे का ठाऊक नव्हतं? पण मत्सरानं तिची जीभ फिरली.

"उकळी फुटली की टाक... वरून लिंबू पीळ. आत्याबाईच्या तोंडाला चव येईल."

गोजर क्षणभर तिच्याकडे पाहतच राहिली. मग "बरं" म्हणून आत गेली.

व्हायचं तेच झालं. कढण फाटलं! झुंबरबाईंनी पहिलाच घोट थुंकून टाकला आणि रामराव कडाडले, "थोरलीला इचारलं न्हाई का तू?"

"इचारलं व्हतं. आक्कानं बराबर सांगितलं व्हतं," आतून गोजरचा आवाज आला. "माझ्याच हातून चुकलं."

द्वारका चरकली. जिंकली होती ती, मग छातीत असं का भरून येत होतं?

डोळे पुशीत गोजर पातेलं घासायला अंगणात आली. द्वारकेनं हळूच विचारलं, "खोटं का बोललीस गं?"

"माझी माय बी असंच कढण करती, आक्का. साय कधी घालायची ते ठावं व्हतं मला."

"मंग?"

"माझं जमलं असतं, तर तुमाला काय राह्यलं असतं या घरात?" गोजरनं मान खाली घातली. "आत्याबाईला उपाशी न्हाई ठिवनार मी. बिनसायीचं आधीच काढून ठिवलंय."

द्वारकेच्या अंतःकरणाचा बांध फुटला! ती ओसरीवरून उठली आणि साऱ्या घराला ऐकू जाईल अशी ओरडली, "आवो, ऐका! तिची चूक न्हाई! म्या जळून उलटं सांगितलं तिला... म्या!"

गोजर हातातलं पातेलं टाकून धावली आणि तिच्या गळ्यात पडली.

"शिवलीस मला! आता न्हाल्याबिगर चुलीला हात लावता यायचा न्हाई तुला... आत्याबाई ताटकळल्यात!"

"न्हाते की," गोजर हसत रडत म्हणाली. पाणी तापवायला वेळ कुठला? तिनं रांजणातलं बर्फगार पाणी तसंच तांब्यातांब्यानं अंगावर ओतायला सुरुवात केली. तिचे दात वाजत होते. जवळ जायचं नाही, तिला कोरडं लुगडंसुद्धा द्यायचं नाही... द्वारका दुरूनच हात पसरून आकांत करत होती, "बास कर गं... बास कर, माझ्या लेकरा!"