पांढरी पाचमधला हॉर्न

आश्लेषाच्या गाडीचा हॉर्न अडकला तो जॉर्जियातल्या अल्फारेटात, देशी दुकानाच्या पार्किंगमध्ये, भर पावसात, हातात कोथिंबिरीच्या जुड्या असताना. साधासुधा नव्हे हं! असा खणखणीत, की दुकानातल्या फ्रीझरमधले समोसे म्हणे आपोआप तळून निघाले.

माणसं दारात जमली. आश्लेषा स्टिअरिंगवर बुक्क्या मारतेय... आणि शेजारच्या चिखलानं माखलेल्या ट्रकमधून एक उंच तरुण उतरला. काऊबॉय हॅट, लांब बूट आणि हातात चक्क गिटार!

"जी!" तो आनंदानं ओरडला. "परफेक्ट जी लागलाय!"

"पांढरी पाच आहे ती," आश्लेषा फणकारली. लहानपणी नागपुरात पेटीवर गाणं शिकलेली पोर ती, सूर लगेच ओळखणारच. "आणि आधी बंद करा ना, अहो!"

"अहो?" त्याच्या गालाला खळी पडली. "मला कुणी अहो म्हणत नाही. माझे पेशंटसुद्धा नाही."

"डॉक्टर आहात?"

"घोड्यांचा. मी नकुल."

आणि हॉर्न बंद करायचं सोडून हा पठ्ठ्या बॉनेटला टेकला, हॉर्नचाच तानपुरा केला आणि गायला लागला. पाऊस, लाल चिखल आणि रुतलेला ट्रक... त्याचा आवाज कसा? गुळाच्या पाकात बुडवलेला. आश्लेषानं ओठ घट्ट मिटले होते, अगदी घट्ट. पण दुसऱ्या कडव्याला तिच्या नकळत वरचा सूर तिच्या गळ्यातून निसटलाच.

मग त्यानं हळूच वाकून हॉर्नचा फ्यूज काढला. एकदम शांतता. आणि त्या शांततेत दोघं अजून गातच होती.

"रविवारी घरी ये," तो म्हणाला. "हे गाणं एकट्याचं नाहीये."

ती गेली. नकुलच्या आईचं, शैलजाकाकूंचं घर. मागच्या पोर्चमध्ये माइक एकच.

"दुसरा कुठाय?" आश्लेषानं विचारलं.

"कंट्री म्युझिकमधली ड्युएट एकाच माइकवर गातात."

"का पण?"

"जवळ यावं लागतं ना, म्हणून."

मग काय! रविवारमागून रविवार गेले. "तू प्रत्येक सुराची जिलबी का करतेस?" तो विचारायचा. "आणि तू प्रत्येक शब्द नाकातून का गातोस?" ती म्हणायची. भांडता भांडता हॅट तिच्या डोक्यावर कधी गेली, कुणालाच कळलं नाही. शैलजाकाकू दर थोड्या वेळानं पोहे घेऊन येत आणि उगाचच पाच मिनिटं झाडांना पाणी घालत उभ्या राहत. त्यातली निम्मी झाडं प्लास्टिकची होती.

गाणं लिहून झालं, शेवटच्या दोन-दोन ओळी मात्र अडल्या. त्याच्याही आणि तिच्याही.

"आमच्याकडे उखाणा असतो," आश्लेषा म्हणाली. "दोन ओळी, यमक आणि त्यात एक नाव."

"कोणाचं?"

नवरा-बायकोच एकमेकांचं घेतात, हे सांगायला तिनं तोंड उघडलं... आणि खट्याळपणे मिटलं. "ज्याचं घ्यावंसं वाटेल त्याचं."

"कूल," तो म्हणाला.

आणि मग आलं शॉमबर्ग, दूर उत्तरेतलं बर्फाळ गाव. कंपनीनं बदली देऊ केली, सोमवारी उत्तर हवं होतं. आश्लेषानं ते सांगितलं आणि श्वास रोखून त्याच्याकडे बघत राहिली. आता म्हणेल, 'जाऊ नकोस'... आता म्हणेल...

"अं... तिकडे पिझ्झा छान मिळतो," नकुल गिटारकडे बघत पुटपुटला.

तिला त्याच्या डोक्यात गिटार घालावीशी वाटली. थांब म्हणणारं कुणी नसेल, तर थांबायचं कशाला? तिनं बॅगा भरायला काढल्या.

पण शनिवारी डोंगराकडच्या गावात सफरचंदांचा मेळा होता, आणि तिथं दोघांनी गायचा शब्द दिलेला होता. समोर बूट घातलेली गावकरी मंडळी. त्यांच्या मधोमध चिवड्याचे डबे मांडीवर घेऊन मराठी मंडळातल्या साऱ्या काकू आणि मावश्या. एक माइक, दोन श्वास. गाणं असं रंगलं, की मेळ्यातल्या शर्यतीचे घोडे धावायचे थांबून ऐकू लागले. आली नकुलची शेवटची जागा. त्यानं गिटार थांबवली, हॅट काढली आणि सरळ तिच्या डोळ्यांत बघत म्हणाला,

"जॉर्जियाच्या लाल मातीत ट्रक माझा रुतला,
आश्लेषाच्या हॉर्नमध्ये जीव माझा गुंतला!"

क्षणभर चिवडा चावायचा आवाजही थांबला. मग शैलजाकाकू उठून किंचाळल्या, "नाव घेतलं! मेल्यानं नाव घेतलं, आणि मला आधी सांगितलंसुद्धा नाही!"

"नाव घेतलं! नाव घेतलं!" साऱ्या मावश्या उभ्या राहिल्या. गावकऱ्यांना वाटलं, हेच गाण्याचं ध्रुवपद. तेही बूट आपटत गर्जू लागले, "नाव गेटलं! नाव गेटलं!" स्टेजच्या फळ्या नाचू लागल्या.

आश्लेषाचे कान लाल. "अरे वेड्या," ती माइक हातानं झाकत कुजबुजली, "माझी चूक झाली, मी सांगितलंच नाही... उखाणा नवरा-बायकोच घेतात!"

"मला माहितीये."

"काय?"

"आश्लेषा, मी अल्फारेटात वाढलोय, मंगळावर नाही. आई दर हळदीकुंकवाला बाबांचं नाव घेते."

"मग पिझ्झा कसला बोलत होतास, गाढवा?"

"घाबरलो होतो," तो हातातली हॅट गोल फिरवत म्हणाला. "घोडा लाथ मारेल की नाही ते कळतं मला. तुझं... नाही कळत."

खाली लोक ओरडत होते, "पुढे! पुढे!" तिची शेवटची जागा रिकामीच होती. तिनं ती हॅट त्याच्या हातातून घेतली, आपल्या डोक्यावर ठेवली आणि माइकजवळ गेली... माइकच्या फार जवळ नाही, त्याच्या जवळ.

"शॉमबर्गच्या बर्फात जाऊन कोण एकटं बसणार?
नकुलरावांचं नाव घेते, मी इथंच असणार!"

"नकुलराव!" तो खदखदून हसला, पण डोळे भरले होते.

पुढचं काही ऐकू आलं नाही. कारण पार्किंगमधल्या झाडून साऱ्या गाड्यांचे हॉर्न एकदम वाजले, एकूण एक पांढरी पाचमध्ये. खोटं वाटत असेल, तर शैलजाकाकूंना विचारा. त्या अजून प्लास्टिकच्या झाडांना पाणी घालतात, आणि पोर्चवर माइक अजून एकच आहे.